टाकीत अजून मासे नाहीत

खरवई, बदलापूर
१४ नोव्हेंबर २०२४

धर्मेश,

तुझा अंबरनाथचा पत्ता ऋतिकाकडून घेतला. तुझ्या बायकोला त्यावरून बोलू नकोस, मी दोनदा मागितल्यावर तिने दिला. एका स्टेशनाचं अंतर, तरी पोस्टातला माणूस म्हणाला चार दिवस धरा. मला घाई नाही. तू फोन उचलत नाहीस ते ठीक आहे. पत्र उचलावं लागत नाही. ते घरात येऊन पडतं आणि वाटेल तेव्हा वाचता येतं.

लिहायचं कारण असं की आपल्या घरात एक काचेची टाकी आली आहे.

दिवाळीनंतर मला एक फोन आला. "भाभी, मी होतू बोलतोय, कॅम्प दोनमधून, फिश टँकवाला. साहेबांची टाकी दोन वर्षं माझ्या गोडाऊनमध्ये पडलीय. आता गोडाऊन खाली करायचंय. घेऊन जा, नाहीतर मला विकू दे." मी म्हटलं, कुठले साहेब. तो म्हणाला, हरिचंद्र साहेब. होतू हे नाव ऐकून मी खाली बसले. का बसले ते नंतर कधीतरी लिहीन.

दुसऱ्या दिवशी उल्हासनगरला गेले. होतूभाई सत्तरीचे आहेत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, बोलणं निम्मं हिंदी निम्मं मराठी. टाकी तीन फुटी आहे. काचेवर चिकटपट्टीखाली कागद होता, 'हरिचंद्र, बदलापूर'. खाली जानेवारी तेवीस. पप्पांचंच अक्षर, 'ह' ची शेपटी लांब.

होतूभाई म्हणाले, "शहाडची ड्यूटी सुटली की इथे यायचे, या बाकड्यावर बसायचे. बोलायचे, लडका जहाजावर असतो, वर्षातले आठ महिने पाणीच बघतो. घरी आला की त्याला गोड्या पाण्याचे मासे काय दाखवू? त्याला खाऱ्या पाण्याची टाकी करून देतो."

तू एप्रिलमध्ये उतरणार होतास. ते फेब्रुवारीत गेले. तुला कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती, ते तुला माहीत आहे, पुन्हा लिहीत नाही.

टाकी हॉलमध्ये त्यांच्या खुर्चीच्या जागी ठेवली आहे. खुर्ची गॅलरीत नेली. मार्चमध्ये तू पुन्हा जहाजावर चढणार असं ऋतिका म्हणाली. त्याआधी टाकी तयार करायचं मी ठरवलं आहे. तू बघायला यावंस असं मी म्हणत नाही. तयार करणार आहे, एवढंच कळवते.

तुझी
मम्मी


२४ नोव्हेंबर

धर्मेश,

मला वाटलं होतं पाणी भरायचं, मासे सोडायचे. होतूभाई म्हणाले, "एक महिना मासे नाहीत."

"मग टाकीत काय घालू?"

"कोळंबी."

"ती चालते?"

"मेलेली, भाभी. मार्केटमधली. एक."

मी म्हटलं, होतूभाई, मेलेली कोळंबी पाळायला मी अजून एवढी म्हातारी झाले नाही. ते हसले नाहीत. त्यांनी मला तिथे बाकड्यावर बसवलं, पप्पांच्याच, आणि शाळेसारखं शिकवलं. मला समजलं ते असं. कोळंबी कुजते, त्यातून पाण्यात एक विष तयार होतं, अमोनिया. मासे सोडले की त्यांच्या घाणीतूनही तेच होतं. ते विष खाणारे जंतू असतात. ते विकत आणून सोडायची गरज नसते. खायला मिळालं की ते आपोआप येतात आणि दगडांवर वस्ती करतात. पण ते विष खाऊन दुसरं विष टाकतात, नायट्राइट. मग ते खाणारे दुसरे जंतू यावे लागतात. ते फार हळू वाढतात. त्यांनी टाकलेलं तिसरं काही, नायट्रेट, त्याने माशाला फारसं होत नाही. पहिली दोन विषं शून्यावर आली म्हणजे पाणी तयार. तोपर्यंत पाणी कितीही नितळ दिसलं तरी मासा सोडायचा नाही. त्यांनी परीक्षेच्या बाटल्या आणि रंगांचा कागद दिला. एक हिंदी पुस्तिकाही दिली. चौथीपर्यंतच्या शाळेने मला जेवढं दिलं त्याहून जास्त मी पुड्यांच्या कागदांतून आणि वाचनालयातून वाचलं, तेव्हा पुस्तिकेचं भय नाही. दोनदा वाचून झाली.

वाचताना मला तुझे गोल्डफिश आठवले. तू तिसरीत होतास. काचेचं भांडं आणलं, नळाचं ताजं पाणी भरलं आणि त्याच संध्याकाळी दोन मासे सोडले. आता मला कळलं त्यांचं काय झालं.

तुला वाटतं ते दोन मासे वर्षभर जगले. जगले नाहीत, धर्मेश. तिसऱ्या दिवशी तू शाळेत असताना एक मेला. मी रिक्षाने स्टेशन, तिथून उल्हासनगर, तुझी शाळा सुटायच्या आत त्याच मापाचा दुसरा आणून सोडला. मग तो मेला. पहिल्या महिन्यात सात मासे झाले. पुढे पाणी आपोआप सुधारलं असणार, तेव्हा मी समजत होते मला मासे निवडता यायला लागले. पप्पांनाही हे सांगितलं नव्हतं.

बावीस वर्षांनी सांगते आहे. हस.

पाण्याचंही एक झालं. होतूभाई डब्यातलं मीठ देत होते, समुद्राचं म्हणून. मी मिठागराची मुलगी, मी मीठ विकत घेऊ? हिरामण मामाला फोन केला. तो स्वतः पिशवी घेऊन आला. म्हणाला, "अगो बाय, दर्याचं पानी बनवाला मीठच लागतं ना? मंग यो घे, आपल्या घरचा." पांढरंशुभ्र जाड मीठ. फिल्टरच्या पाण्याचे सहा जार ओतले, मीठ विरघळवलं, बोट बुडवून चाखलं. माझे बाबा असंच चाखून सांगायचे, उद्या मीठ धरणार की परवा. मला वाटलं, बरोबर जमलं.

कोळंबी आज सकाळी सोडली.

मम्मी


१२ डिसेंबर

धर्मेश,

नाही जमलं.

अमोनिया वर गेला तो खाली येईना. रोज सकाळी बाटलीत पाणी घेते, थेंब टाकते, हलवते, रंग हिरवाच. पाणी दुधाळ झालं. शेजारची विनिता दारातून म्हणाली, "काकी, मासळी वास मारतेय तुमची, टाकून द्या." मी म्हटलं, मुद्दाम ठेवलीय. ती नाकाला पदर लावून गेली. आता आईकडे सांगत असेल की काकींचं डोकं गेलं.

शेवटी बाटलीभर पाणी घेऊन कॅम्प दोनला गेले. होतूभाईंनी चार तपासण्या केल्या आणि विचारलं, "मीठ कुठलं?" मी अभिमानाने सांगितलं.

"भाभी, ये मीठ का पानी है. दरिया का नहीं."

"मीठ दर्यातलंच आहे."

"हां. पण मीठ धरल्यावर मागे पाणी उरतं, त्याचं तुम्ही लोक काय करता?"

ते कडू पाणी. मी विसरले नव्हते, मला फक्त त्याचा विचार कधी करावा लागला नव्हता. मीठ खाली बसलं की वर थोडं पाणी राहतं. जिभेवर ठेवलं की तोंड वाकडं होतं. ते मिठात राहिलं तर मीठ कडू होतं, कोणी घेत नाही. म्हणून बाबा बांध फोडून ते खाडीत सोडून द्यायचे. आम्ही पोरं पळत जाऊन बघायचो.

होतूभाई म्हणाले, "तेही दरियाच आहे. तुम्ही मीठ ठेवलं आणि बाकी फेकलं. त्या फेकलेल्याशिवाय ही जीवांची वस्ती टिकत नाही."

एक माणूस सिंधहून आलेल्या बापाचा मुलगा, कॅम्पात जन्मला, आयुष्यात मिठागरात पाय ठेवला नसेल, आणि तो मला मीठ शिकवतो. मला रागही आला नाही. बरोबर होता.

सगळं पाणी उपसून टाकलं. दोन दिवस कंबर धरली होती. डब्यातलं मीठ आणलं. आता पाणी चाखलं की शेवटी थोडं कडू लागतं. हिरामणला सांगितलं नाही, त्याला वाईट वाटेल. उरलेल्या मिठात आवळे घातले आहेत.

परवा पुन्हा पहिल्यापासून. नवी कोळंबी.

मम्मी


५ जानेवारी २०२५

धर्मेश,

अमोनिया उतरला. मागच्या आठवड्यात रंग हिरव्याचा पोपटी झाला, आज पिवळा आहे, म्हणजे शून्य. मला एवढा आनंद झाला की विनिताला बोलावून बाटली दाखवली. ती म्हणाली, "काकी, हे पिवळं आहे." मी म्हटलं, तेच तर. दुसरं विष मात्र जांभळं, गडद. आता त्याची वाट बघायची.

एक काम नव्याने मागे लागलं. पाणी रोज थोडं उडतं. मी काचेवर मार्करने रेघ मारली आहे, सकाळी एक तांब्या साधं पाणी घालून रेघेपर्यंत आणते. खारं घालायचं नाही. पाणी उडतं, मीठ कुठे जात नाही, ते तेवढंच राहतं. हे मला कोणी शिकवावं लागलं नाही.

काल ऋतिका आली होती. तुला सांगून आली की न सांगता, मी विचारलं नाही. तिला तळलेले बोंबील दिले. टाकीपुढे बसून खाल्ले तिने. जाताना चपला घालता घालता म्हणाली, "मम्मी, तुमच्यावर त्यांचा राग आहे, पण तो कमी आहे. ते पप्पांचं घेऊन बसलेत. म्हणतात, एकोणीस दिवस होते पप्पांकडे, त्यांना माझ्याशी एकदा बोलावंसं वाटलं नाही. उलट शपथ घातली. म्हणतात, त्यांनाच मी नको होतो."

ती गेल्यावर बोंबलाची ताटली तशीच राहिली.

आज एवढंच लिहिते.

मम्मी


८ जानेवारी

धर्मेश,

हे पत्र मी तीन दिवस लिहिते आहे. हे वाचून तू टाकी बघायला कधीच येणार नाहीस असं होऊ शकतं. ते धरूनच लिहिते.

पप्पांनी मला कसलीही शपथ घातली नव्हती.

तीन फेब्रुवारीला त्यांना दवाखान्यात ठेवलं. पाच तारखेच्या रविवारी तुझा जहाजावरून फोन आला तेव्हा ते बसून मोसंबी खात होते. मी फोन घेऊन बाहेर पॅसेजमध्ये आले आणि तुला सांगितलं, पप्पा झोपलेत. ते झोपले नव्हते. दाराच्या काचेतून माझ्याकडे बघत होते. आत गेल्यावर म्हणाले, "धर्मेश होता ना?" मी म्हटलं, नाही, विनिता होती.

दुसऱ्या रविवारी तुला सांगितलं, पप्पा हिरामण मामाकडे गेलेत. त्याच दिवशी सकाळी ते मला म्हणाले होते, "धर्मेशला बोलाव." मी म्हटलं, बोलावते. पुढच्या दिवसांत ते आणखी दोनदा म्हणाले. तिसऱ्या रविवारी त्यांच्या तोंडाला मास्क होता. त्यांनी तो बाजूला करून म्हटलं, "होतूला सांग, टाकी ठेव." होतू कोण मला माहीत नव्हता. मला वाटलं बरळतात. एकवीसला ते गेले. आता तुला कळलं मी फोनवर ते नाव ऐकून का बसले.

का सांगितलं नाही. तुझ्या परीक्षेला लागणारे जहाजावरचे महिने पुरे व्हायला थोडेच उरले होते, अर्ध्यात उतरला असतास तर वर्ष गेलं असतं, असं मी स्वतःला सांगत होते. ते खोटं नाही, पण ते कारण नव्हतं. तू विचारलं असतंस, डॉक्टर काय म्हणतात. मला ते तोंडाने बोलावं लागलं असतं. ते वाक्य मी तोपर्यंत कोणाशीच बोलले नव्हते, त्यांच्याशीही नाही. मला वाटत होतं आज ना उद्या ते बरे होतील आणि तुला काही सांगायची वेळच येणार नाही. तू शाळेतून यायच्या आत मासा बदलून टाकायची मला सवय होती.

दहाव्याच्या सकाळी तू आलास, बॅग खांद्यावर, आणि सगळ्यांसमोर विचारलंस, "मला न सांगायचं कोणी ठरवलं?" सगळी भावकी बघत होती. माझ्या तोंडून निघालं, त्यांनी. गेलेला माणूस उलट बोलत नाही.

मग तू माझ्यावर ओरडला नाहीस. मला वाटलं, निभावलं. तू सगळं त्यांच्यावर नेलंस हे मला ऋतिका बोलेपर्यंत कळलं नाही. किंवा थोडं कळत होतं आणि मी तिकडे बघितलं नाही. हेही लिहूनच टाकते.

दर रविवारी मी तुला बरं तेवढं निवडून दिलं, उरलेलं खाडीत सोडलं. त्यात तुझे पप्पाही गेले.

त्यांना तू हवा होतास. तीनदा म्हणाले. नको म्हणणारी मी होते.

काशी


२ फेब्रुवारी

धर्मेश,

तुझं उत्तर नाही. ऋतिकाचाही फोन नाही. मी विचारणार नाही.

टाकीचं कळवते, कारण टाकी तुझी आहे. काल आणि आज दोन्ही परीक्षा शून्य. अमोनिया पिवळा, नायट्राइट आकाशी निळा. होतूभाईंनी सांगितल्याप्रमाणे कोळंबीचं जे काही उरलं होतं ते काढलं, निम्मं पाणी बदललं. दगडांवर तपकिरी थर धरला आहे. मी चिंधी घेऊन पुसायला गेले होते, हात मागे घेतला. घासून पुसून ठेवायची माझी सवय इथे चालत नाही, वस्ती त्यावरच असते.

होतूभाई म्हणतात, "अब डालो, भाभी. दोन छोटे, नारिंगी पट्ट्यांचे. नाहीतर जंतू उपाशी मरतील." मी चिमूटभर माशांचं खाणं रोज टाकते, त्यावर ते तग धरतील. मासे मी आणणार नाही. या घरात तुझ्यामागे पुष्कळ मासे मी आणले.

विनिता म्हणाली, "एवढं करून नुसतं पाणी बघत बसता?" मी म्हटलं, हो. तीही मग थोडा वेळ बसली.

मम्मी


१० फेब्रुवारी

धर्मेश,

काल तू येऊन गेलास आणि आज पत्र लिहिते, म्हणजे विनिता म्हणते तसं माझं डोकं गेलंच असेल. पण समोर मला बोलता आलं नाही ते लिहायला सोपं जातं, आणि आता सवय लागली.

तू किल्ली असून बेल वाजवलीस. ते मी पाहिलं. ऋतिका सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तू चपला न काढता दारातच उभा राहिलास, टाकीकडे बघत.

"मासे कुठायत?"

"नाहीत अजून."

"पाणी तयार आहे लिहिलंस."

"पाणी तयार आहे."

मग तू चपला काढल्यास. झाकण सरकवून बोट बुडवलंस आणि जिभेला लावलंस. मी काहीही सांगितलं नव्हतं. तुझे आजोबा आठवले मला, तू त्यांना पाहिलंही नाहीस.

"कडवट आहे," म्हणालास.

"असायला पाहिजे," मी म्हटलं.

जेवताना तू विचारलंस, "पप्पा काय म्हणाले? नेमके शब्द सांग." मी सांगितले. तू म्हणालास, पुन्हा सांग. पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा विचारलंस तेव्हा ऋतिका उठून गॅलरीत गेली. धर्मेशला बोलाव. होतूला सांग, टाकी ठेव. तू भात कालवत राहिलास, खाल्ला नाहीस. मला वाटलं होतं तू ताट सारून उठशील. उठला नाहीस.

मग तू म्हणालास, "सात नव्हते."

मला कळलं नाही.

"मासे. सात नव्हते, आठ होते. एकाचं शेपूट काळं होतं. मासा शाळा सुटेपर्यंत काळा होत नाही, मम्मी."

"मग बोलला का नाहीस?"

"तू उन्हातून जाऊन आणत होतीस."

गॅलरीतून ऋतिका म्हणाली, "दोघं एकाच मापाचे आहात." तुला हसू आलं, मग तू ते आवरलंस. माफ केलं असं तू म्हणाला नाहीस. मीही विचारलं नाही. ते जेव्हा व्हायचं तेव्हा होईल, नाही झालं तर नाही. शब्द तुझ्याकडे पोचले, ते तुझे होते.

जाताना तू म्हणालास, आणू कधीतरी. गुरुवार सोडून कधीही चल, गुरुवारी होतूभाई दुकान उघडत नाहीत. दोनच आणू. ते म्हणतात एकदम भार टाकायचा नाही. त्यांना मी सांगितलं आहे की बाकड्यावर एक माणूस येईल, त्याला लगेच मासे दाखवू नका, आधी बसू द्या.

आज सकाळी नेहमीसारखी तांब्या भरून टाकीकडे गेले. पाणी रेघेवर होतं. मी भांडी घासत होते तेव्हा तू घातलं असणार.

तांब्यातलं पाणी मी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं.

मम्मी